परदेशची विद्या आणि परतीचा प्रश्न

मिरजेहून पुण्याकडे निघालेली आगगाडी सांगलीचे स्थानक गाठण्यापूर्वी विश्रामबाग नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. स्थानक लहान असले तरी त्याच्या आसपासचा परिसर विद्येच्या दृष्टीने मोठा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय काढले. पुढे १९४७ साली येथेच अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले आणि १९५५ पासून ते उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आसपासच्या गावांतून व खेड्यांतून आलेली मुले या दोन विद्यालयांत शिकत आली आहेत, आणि त्यांपैकी काहींनी पुढील विद्येसाठी समुद्रापलीकडचा मार्ग धरला आहे. आज तर या भागातील सुशिक्षित कुटुंबातला एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेस, जर्मनीस अथवा ऑस्ट्रेलियास शिकावयास असणे हे नवलाचे राहिलेले नाही. परंतु नवल उरले नाही म्हणजे विचार करण्याचे कारणही उरले नाही, असे मात्र नव्हे.

मुलाचे परदेशी जाण्याचे घाटू लागले की घरात काही ठराविक गोष्टींचा खल होतो. कोणते विद्यापीठ चांगले, खर्च किती, कर्ज कोणती बँक देईल, व्हिसा केव्हा मिळेल आणि शिक्षण संपल्यावर नोकरीची शाश्वती काय, या त्या गोष्टी होत. त्या अवश्य विचारल्या पाहिजेत. त्या न विचारता मुलास पाठविणे हा अविचार ठरेल. परंतु आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांची चर्चा सहसा होत नाही. जाणारा विद्यार्थी येथून कोणता प्रश्न मनाशी बांधून नेत आहे, ही पहिली. आणि तो परत येईल तेव्हा जो नवा प्रश्न घेऊन येईल त्यास घरात जागा मिळेल काय, ही दुसरी. महाराष्ट्रातून, विशेषतः कृष्णाकाठच्या या मुलखातून, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी मंडळी विद्येसाठी बाहेर गेली, त्यांची चरित्रे या दृष्टीने पाहिली तर या दोन गोष्टींचे महत्त्व ध्यानात येते.

प्रथम जाण्याचाच विचार करू. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. वैद्यकीय साहाय्याच्या अभावी त्यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले होते. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यास लाजणाऱ्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर कोठून मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो पुस्तकातून आलेला नव्हता, घरातून आलेला होता. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे बंगालातील श्रोत्यांपुढे व्याख्यान देऊन त्यांनी आपण कशासाठी जात आहो याचा उघड खुलासा केला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे काढून मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम्. डी. ही पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषयदेखील हिंदू स्त्रियांच्या प्रसूतीसंबंधीचाच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने शरीर पोखरलेले होते आणि कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेथील थंडी, न मानवणारे अन्न व अभ्यासाचे श्रम यांची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली. परदेशच्या शिक्षणाची गोड बाजू सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. तथापि एवढ्या अल्प आयुष्यातही त्यांचे जाणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणत नाही, कारण त्या कशासाठी गेल्या होत्या हे त्यांना आणि त्यांच्या समाजालाही ठाऊक होते. त्यांच्यामागून जाणाऱ्या स्त्रियांना त्या प्रश्नाचा धागा पुढे नेता आला.

दुसरे उदाहरण विश्रामबागेपासून फार दूर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानाच्या हद्दीतील निवडुंगाने भरलेल्या माळावर, कारखाना व वसाहत उभारली, तीच किर्लोस्करवाडी. त्यांनी प्रथम लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी ते घेईनात, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नांगर पुढे खपू लागले. परंतु कारखाना चालत होता तो मुख्यतः अनुभवावर, हातच्या कसबावर व करून पाहण्याच्या चिकाटीवर. या कसबास शास्त्राची जोड कशी द्यावी, हा त्या माळावरचा प्रश्न होता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत यंत्रविद्या शिकावयास गेले, आणि १९२६ साली पदवी घेऊन पुन्हा त्याच माळावर आले. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीस निघालेला तेलइंजिनांचा कारखाना व त्यानंतरचा किर्लोस्कर उद्योगाचा विस्तार यांत त्यांचा वाटा केवढा होता हे सर्वश्रुत आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शंतनुराव तेथे जे शिकले ते कोणालाही शिकता आले असते. परंतु वर्गात एखादा सिद्धांत सांगितला जात असता त्याचा उपयोग कोठे होईल हे ताडण्यास किर्लोस्करवाडीची भट्टी पाहिलेले डोळे हवे होते.

येथे कोणी म्हणेल, विशी-बाविशीच्या मुलापाशी एवढा स्पष्ट प्रश्न कोठून यावा? आक्षेप रास्त आहे. बहुतेक मुलांपाशी तो नसतो. पण तो मिळविण्याचा एक मार्ग आहे आणि त्यास पारपत्र लागत नाही. विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले गोविंद चिमणाजी भाटे यांनी सुट्ट्यांचा उपयोग देश पाहण्याकडे केला आणि मराठीत प्रवासवर्णने लिहून ठेवली. ज्याने आपला जिल्हा पाहिलेला नाही त्यास परदेशात आपल्या देशाविषयी कोणी दोन गोष्टी विचारल्या तर निरुत्तर व्हावे लागते. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा सौदा कसा होतो, एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठी ऊस व जत-आटपाडीकडे पाण्याचे दुर्भिक्ष का, मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याची कला कशी टिकली, हे ज्याने पाहिले व विचारले आहे, त्याच्या शिदोरीत काहीतरी आहे. अशा मुलास अर्थशास्त्राचा, जलविज्ञानाचा किंवा ध्वनिशास्त्राचा परदेशी वर्ग परका वाटणार नाही. परदेशगमनापूर्वीची एक उन्हाळ्याची सुट्टी या कामी खर्च करणे ही कोणत्याही शिकवणीइतकीच उपयुक्त तयारी होय.

आता दुसरा भाग; तेथे असताना मनुष्य वाढतो म्हणजे नेमके काय होते? नवी शहरे पाहिल्याने ज्ञान वाढते हे खरे, पण ती वाढ वरवरची असते. खरी वाढ होते ती अशी की, घरी ज्या गोष्टी वाऱ्यापाण्यासारख्या स्वाभाविक वाटत होत्या त्या तेथे स्वाभाविक राहत नाहीत. जेवण, पोशाख, वडीलमाणसांशी बोलण्याची रीत, जात, भाषा, अंगमेहनतीची लाज, या प्रत्येकीविषयी कोणी ना कोणी ‘असे का?’ म्हणून विचारतो आणि त्याचे उत्तर शोधता शोधता विद्यार्थी आपल्याच घराकडे प्रथमच नीट पाहू लागतो. काही गोष्टींचा त्यास नव्याने अभिमान वाटतो, काहींची लाज वाटते. दोन्ही भावना विचारपूर्वक आलेल्या असल्या म्हणजे शिक्षण झाले असे समजावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात प्रवासाने केलेले हे शिक्षण जितके लख्ख दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. आणि त्याचा आरंभ सातारा जिल्ह्यातच आहे. बालपणी त्यांचे कुटुंब साताऱ्यास राहत होते व १९०० साली ते तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. पुढल्याच वर्षी, कामानिमित्त बाहेरगावी असलेल्या वडिलांकडे जाण्यासाठी ही भावंडे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. मुले अस्पृश्य आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकावे व गाडीवानाने बरोबर चालावे, या अटीवर गाडी मिळाली. आणि जवळ खावयास असूनही प्यावयास पाणी न मिळाल्याने त्यांना ती रात्र उपाशी काढावी लागली. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

तोच मुलगा १९१३ साली, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तीतूनच घरीही पैसे पाठवावे लागत. तेथे खाणावळीत, वर्गात, ग्रंथालयात किंवा वसतिगृहात त्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानणारे कोणी नव्हते. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जडलेला त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. मसूरच्या स्थानकावर जे सृष्टिनियमासारखे भासत होते ते मनुष्यकृत आहे, हे सांगण्यास न्यूयॉर्कात कोणा गुरूची आवश्यकता नव्हती. तेथील रोजचे जगणेच ते सांगत होते. परंतु बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. जे अनुभवले त्याचे शास्त्र त्यांनी शोधले. मे १९१६ मध्ये, मानववंशशास्त्राच्या एका चर्चावर्गात, त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती व घडण यांवर निबंध वाचला. घरून नेलेला प्रश्न, परदेशातील अनुभव आणि तेथील शास्त्राची शिस्त, या तिन्ही गोष्टी त्या निबंधात एकत्र आलेल्या दिसतात.

शास्त्राच्या शिस्तीचा उल्लेख झाला म्हणून इरावतीबाई कर्वे यांचेही उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या १९२८ साली मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले, त्यांचाही या परदेशगमनास विरोध होता. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन खर्चाची सोय करावी लागली. तेथे त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे होते. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते आणि युरोपीयांची श्रेष्ठता तीतून दिसून येते, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्यांची मापे घेतली; ती मापे त्या कयासास दुजोरा देईनात; आणि वंशावंशांत असा भेद आढळत नाही, असे त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती आपली पदवी त्यांच्याच मताविरुद्ध लिहावयाचे, याला धैर्य लागते. परंतु हे धैर्य उद्धटपणाचे नव्हते. ते नीट घेतलेल्या मापांवर उभे होते. परदेशच्या विद्यापीठातून आणावयाची उत्तम वस्तू कोणती, असे विचारल्यास पुराव्यापुढे गुरूलाही नम्रपणे नाही म्हणण्याची ही सवय, असे उत्तर देता येईल. परत आल्यावर इरावतीबाईंनी हीच मोजमापाची साधने घेऊन देशभर प्रवास केला व येथील समाजाचा अभ्यास केला, हे मराठी वाचकांस सांगावयास नको.

या जुन्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आपोआप लाभली, जी आजच्या विद्यार्थ्यास प्रयत्नाने मिळवावी लागते. ती म्हणजे अंतर. मुंबईहून इंग्लंडला पोहोचण्यास बोटीने दोन-तीन आठवडे लागत आणि पत्रालाही जवळजवळ तेवढेच दिवस. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत महिना उलटून जाई. तोवर विद्यार्थ्यास स्वतःच निर्णय घेणे भाग पडे. शिवाय पत्र लिहिताना पाहिलेल्या गोष्टींची मनात जुळणी करावी लागे, आणि ही जुळणी म्हणजेच निम्मे शिक्षण. आज विमान एका दिवसात पोहोचविते आणि हातातील दूरध्वनीवर आईचे मुख रोज दिसते. ही सोय वाईट म्हणण्याचे कारण नाही. आजारपणात व संकटात तिचे मोल मोठे आहे. परंतु आज भाजी कोणती करू येथपासून कोणता विषय निवडू येथपर्यंत सर्व काही घरास विचारून ठरविणारा विद्यार्थी शरीराने परदेशी व मनाने माजघरातच राहतो. तसेच, तेथे गेल्यावर केवळ आपल्याच प्रांतातील चार मित्रांत राहणे, आपलेच पदार्थ, आपलेच चित्रपट आणि आपल्याच गप्पा यांत दोन वर्षे घालविणे, हेही न गेल्यासारखेच होय. आठवड्यातून एक सविस्तर पत्र, मग ते कागदावर असो वा विद्युत्-टपालाने असो, आणि रोज चार ओळींची रोजनिशी, एवढा नेम पाळला तरी पुष्कळ साधेल. तेथील एखाद्या कुटुंबाशी किंवा एखाद्या अन्य देशाच्या सहाध्यायाशी खरा स्नेह जोडणे, ही त्याची पुढील पायरी.

आता तिसरा भाग आणि सर्वांत अवघड. तो म्हणजे परतणे. परत आलेला विद्यार्थी गेला होता तोच नसतो. घरच्या मंडळींना पदवी हवी असते, मिळकत हवी असते. बदललेला माणूस मात्र पुष्कळदा नको असतो. बाबासाहेब १९१७ साली परत आले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. ज्यांना न्यूयॉर्क व लंडन येथे राहण्यास जागा मिळाली होती, त्यांना बडोदे शहरात भाड्याची खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव पालटून राहिले. तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावून लावले. कार्यालयातील शिपाईदेखील त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. परदेशी शिक्षणाची ती परीक्षा विद्यार्थ्याची नव्हती, समाजाची होती. आणि समाज तीत अनुत्तीर्ण झाला. बाबासाहेबांनी मुंबईस प्राध्यापकी करून पैसे साठविले, भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही साहाय्य केले, आणि १९२० साली ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला गेले. ज्या देशाने खोली दिली नाही त्या देशाची राज्यघटना घडविण्यात पुढे त्यांचाच हात प्रमुख होता.

विठ्ठल रामजी शिंदे हेही याच मुलखातले. त्यांचा जन्म १८७३ साली जमखंडीस झाला. ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकावयास गेले व १९०३ साली परतले. धर्म म्हणजे काय, हा त्यांचा जातानाचा प्रश्न होता. परत आल्यानंतर तो प्रश्न पालटला आणि ज्यांना देवळाच्या पायरीशीही येऊ दिले जात नाही त्यांच्यासाठी धर्माने काय केले, असे त्याचे रूप झाले. त्यातूनच १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत निराश्रितांसाठी त्यांची मिशन संस्था निघाली. आपल्या कुटुंबासह अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहणाऱ्या या गृहस्थास जवळच्यांचा रोष थोडा सोसावा लागला नाही. जाताना नेलेल्या प्रश्नापेक्षा परत आणलेला प्रश्न मोठा असतो, आणि तो प्रथम घराला व जातभाईंनाच विचारला जातो, म्हणून तो बोचतो.

या प्रश्नास घराने जागा दिल्याचेही एक उदाहरण आहे आणि तेही याच भागातले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून व बॅरिस्टर होऊन १९३७ साली परतले. तेथून ते आले ते राज्याचा उपभोग घेण्याच्या कल्पना घेऊन नव्हे. राजेसाहेब स्वतः पुरोगामी वृत्तीचे होते. पितापुत्रांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचे साहाय्य व महात्मा गांधींचा सल्ला घेऊन गावपंचायतींच्या पायावर एक घटना तयार केली, आणि १९३९ साली राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, कैद्यांना भिंतीवाचून ठेवणारी स्वतंत्रपूर ही वसाहत निघाली. पुत्राचे नवे विचार ऐकताच ‘हे तुझ्या ऑक्सफर्डात ठेव’ असे म्हणणारा पिता असता, तर त्या बॅरिस्टरीचा उपयोग एखाद्या वकिलाच्या पाटीपलीकडे झाला नसता.

विलिंग्डन महाविद्यालयाच्या इतिहासातील एक उदाहरण आणखी निराळे आहे. कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक १९३६ ते १९३८ या काळात ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकले आणि परतल्यावर काही काळ या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्रजीत प्रथम वर्ग मिळविणारा हा विद्वान इंग्रजीतच रमला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी आपल्या मातृभाषेत समुद्रगीते लिहिली, मुक्तछंद रुळविला, नव्या कवितेस वाट करून दिली. पुढे त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. इतकेच नव्हे, तर त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ साली कर्नाटकातील शाळांत कन्नडला अग्रस्थान देण्याची शिफारस केली. परक्या भाषेचे उत्तम ज्ञान मनुष्यास आपल्या भाषेपासून दूर नेते ही समजूत किती उथळ आहे, हे यावरून कळून येईल.

मग जो विद्यार्थी परतच येत नाही त्याचे काय? आज अनेक घरांत हाच प्रश्न सलतो, आणि म्हातारपणी रिकाम्या घरात राहणाऱ्या आईबापांचे दुःख शब्दांनी हलके होण्यासारखे नाही. परंतु न परतणे म्हणजे कृतघ्नता, असा सरसकट निवाडा देणेही न्यायाचे नव्हे. वर्ध्याकडील पांडुरंग खानखोजे कृषिविद्या शिकण्यास अमेरिकेस गेले. क्रांतिकार्यात पडल्यामुळे त्यांना परतीची वाट बंद झाली. त्यांनी मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात शिकविले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले व १९६७ साली नागपुरास निवर्तले. येथल्या शेतकऱ्याचे दारिद्र्य पाहून उठलेला प्रश्न त्यांनी दुसऱ्या मातीत सोडविला. विद्येचे ऋण फेडण्यास एकच गाव असते असे नाही. पण ते ऋण आहे, याचे विस्मरण मात्र कोठेही राहून होता कामा नये.

ऋणाची गोष्ट निघाली म्हणून पैशाच्या ऋणाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सयाजीरावांसारखे राजे आज नाहीत. राज्य शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, अन्यही काही शिष्यवृत्त्या आहेत. पण बहुसंख्य मध्यम स्थितीतील कुटुंबे बँकेचे कर्जच काढतात. रक्कम मोठी असली म्हणजे राहते घर किंवा जमीन तारण पडते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांपासून वर्षभरात हप्ते सुरू होतात. अशा वेळी कर्जाचा आकडा विद्यार्थ्यापासून लपविणे हा खोटा लाड होय. त्यास सर्व हिशेब कळला पाहिजे. नोकरी लवकर न मिळाल्यास काय करावयाचे, याचाही विचार निघण्यापूर्वीच एकत्र बसून झाला पाहिजे. परंतु त्याच बैठकीत हेही ठरावे की, हप्ते फेडण्याची जबाबदारी त्याची असली तरी त्याचे विचार तारण ठेवलेले नाहीत. ‘एवढा पैसा घातला, आता आम्ही म्हणू तेथे नोकरी, म्हणू त्या घरी लग्न’ अशी अट कोणत्याही बँकेच्या कागदावर नसते. ती घरेच घालतात, आणि मग परदेशाने मोकळे केलेले मन मायदेशी येऊन पुन्हा कोंडले जाते.

म्हणून विश्रामबागेच्या, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही, घरातून मूल विद्येसाठी निघाले म्हणजे पेटीत गरम कपडे, औषधे व मसाले भरण्याची जी लगबग चालते तिच्यात थोडा वेळ काढून त्यास विचारावे, ‘तू काय शोधावयास जातोस?’ आणि ते परत येईल तेव्हा, काय मिळविलेस हे विचारण्यापूर्वी, काय पाहिलेस आणि आमच्यात काय बदलावे असे तुला वाटते, हे विचारावे. उत्तर कदाचित रुचणार नाही. स्वयंपाकघरात सून-मुलींनीच का राबावे, घरकामाच्या बाईस निराळा पेला का, घरात मतभेद मोकळेपणाने का बोलला जात नाही, असले काहीतरी ते विचारील. ते विचारू लागले, तर त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च योग्य ठिकाणी पडला असे खुशाल समजावे.